टाळ्यांनंतरचं गाणं

यंदा पुन्हा टँकर सुरू झाले आणि यंदा पुन्हा नव्या जिल्ह्याच्या मागणीचे फलक लागले. या दोन गोष्टी आमच्याकडे जोडीनेच का येतात, हे मला अजून उमगलेलं नाही. विहिरी आटल्या की माणसांना करण्यासारखं फारसं उरत नसावं आणि मग ती नकाशाकडे बघायला लागत असावीत. परवा नांदेडहून मुखेडमार्गे उदगीरला जाताना बसच्या खिडकीतून दोन्ही दिसत होतं. खाली रिकाम्या घागरींची रांग, वर फलकावर हात जोडून हसणारे चेहरे. चेहरे तजेलदार होते. त्यांच्या नळाला पाणी येत असावं.

माझ्या शेजारी मिलिंद बसला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आरेखक, माझा जुना मित्र, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर. आम्ही दोघं एक गाणं ऐकायला उदगीरला चाललो होतो. गाणं एका विलायती रॉक बँडचं. मिलिंदने ते शेवटचं ऐकलं त्या उन्हाळ्यात लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि गावात प्यायला पाणी नव्हतं. बँड, जिल्हा आणि दुष्काळ यांचा एकमेकांशी काही संबंध नसावा असं कोणालाही वाटेल. मलाही तसंच वाटायला आवडलं असतं.

त्या उन्हाळ्याला ऑइलपेंटचा वास होता. गाव कोरडं आणि पाट्या ओल्या. जिल्हा नवा म्हणजे कचेऱ्या नव्या, कचेऱ्या नव्या म्हणजे पाट्या नव्या. सरकारचं बघून मग सगळ्यांनाच आपापल्या पाट्या जुन्या वाटू लागल्या. काल जो गावातल्या कॅरम क्लबचा अध्यक्ष होता, तो आज जिल्हाध्यक्ष झाला. क्लब तोच, बोर्ड तोच, सोंगट्यांवरची पावडर तीच. रोज कुठे ना कुठे फीत कापली जात होती आणि नारळ फुटत होता. नारळातलं पाणी लोक हात पुढे करून घेत, तेव्हा त्यात भक्ती किती आणि तहान किती हे सांगता आलं नसतं.

नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, म्हणून नांदेडच्या कचेरीतून मिलिंदची लातूरला बदली झाली. पाणी नसलेल्या गावात तो पाटबंधाऱ्यांचे नकाशे काढायला गेला. जाताना एक पत्र्याची पेटी, एक गादी आणि एक कॅसेट एवढं सामान होतं. त्या कॅसेटची हकीकत सांगायला हवी.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला इंग्लंडहून एक तरुण सरदारजी आला होता आणि आल्याआल्या पोटाने आजारी पडला होता. मिलिंद जवळच राहायचा. त्याने त्याला डॉक्टरकडे नेलं, चार दिवस घरून मऊ भात नेऊन दिला. मिलिंद ट्रान्झिस्टरवर खरखरीतून याच बँडची गाणी ऐकायचा, हे बोलता बोलता निघालं आणि मग दोघांना एकमेकांचं इंग्रजी समजायला लागलं. जाताना पाहुण्याने ही कॅसेट त्याच्या हातात ठेवली. आपल्या गावात बँड आला तेव्हा गर्दीत उभं राहून, कोटाच्या आत टेपरेकॉर्डर लपवून त्याने स्वतः भरलेली. बाजारात न मिळणारी, दुसरीकडे कुठे नसलेली. तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून त्याने कॅसेटच्या पाठीवरचं प्लास्टिकचं नखही मोडून ठेवलं होतं. ते नख मोडलं की रेकॉर्डिंगचं बटण दाबलं जात नाही.

मी ती नांदेडला ऐकली होती. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला कोटच ऐकू आला. कापड घासल्याचा आवाज, कोणाचा तरी खोकला, आणि पलीकडे कुठेतरी, गोधडीखालून यावं तसं गाणं. मग हळूहळू कान सरावला. ड्रमचा ठोका छातीत लागायला लागला. दोन गाण्यांच्या मध्ये गर्दीतला कोणीतरी शिट्टी मारायचा, आणि ती शिट्टी इतकी जवळून यायची की आपणच मान वळवावी. कारखान्यातल्या तबकडीत हे सापडत नाही. तिच्यात गाणं असतं, पण त्या दिवशीची हवा नसते. या हवेपायी जगभर माणसं वेडी होतात, एकमेकांना कॅसेटी भरून पाठवतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "शेवटी एवढ्या टाळ्या कशाला?"

"तिकडं तशी रीत हाय, सर," मिलिंद म्हणाला. "कार्यक्रम संपला म्हणून बँड आत जातो. लोक जात न्हाईत, टाळ्या वाजवत बसतात. मग ते पुन्हा येतात आन् एक गाणं जास्तीचं म्हणतात. कोणतं म्हणतील ते कुणालाच ठाऊक नसतं. ह्याच्यात जे म्हणलंय ना, ते त्यांनी कुठंच म्हणलेलं न्हाई."

आम्ही टाळ्या संपेपर्यंत थांबलो. बराच वेळ थांबलो. मग ते गाणं आलं. मिलिंदने डोळे मिटले, आणि बारा तास कागदावर रेघा ओढणाऱ्या त्या माणसाची बोटं मांडीवर हलायला लागली.

लातुरात त्याला सोबत मिळाली. शिवकुमार नावाचा एक तरुण होता, गंजगोलाईच्या बाजारपेठेत त्याच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आणि दुकानाला लागूनच घर. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात शिवलिंग आणि अंगात त्याच बँडचं चित्र असलेला बनियन. माणूस उमदा. हैदराबादहून आणलेला मोठा टेपरेकॉर्डर त्याच्याकडे होता. दुकानामागच्या खोलीत, रचलेल्या पातेल्यांच्या मध्ये संध्याकाळी सातआठ जण जमायचे. जोरात ड्रम वाजला की वरच्या पातेल्यांची झाकणं थरथरायची आणि तीही आपला ठेका धरायची. मिलिंदची कॅसेट लावली की टाळ्या लागताच मंडळी उठून बोलू लागायची, पुढचं तो एकटाच ऐकत बसायचा. तिथे कोणी कोणाचं गाव, आडनाव विचारत नव्हतं. मी लातूरला गेलो की तिथे जाऊन बसायचो. माझ्या आठवणीतला तो उन्हाळा खरं तर तिथेच संपायला हवा होता.

पण जिल्हा नवा होता. एके संध्याकाळी शिवकुमार म्हणाला, "आपलं बी मंडळ पायजे की. जिल्हा पातळीवर."

"कशाला?" मिलिंदने विचारलं.

"कशाला म्हणजे? उद्या उदगीरवाले काढतील, मग बसा त्यांच्या शाखेत."

उदगीरला या बँडचं नाव ऐकलेला एक माणूस तरी होता की नाही, देव जाणे. पण आठवड्याभरात 'लातूर जिल्हा पाश्चात्त्य संगीत श्रवण मंडळ' स्थापन झालं. ऐकणारे सातआठ आणि पदंही तितकीच. शिवकुमार अध्यक्ष. मला, माझ्या नांदेडच्या पत्त्यामुळे, 'बाह्य सल्लागार' नेमण्यात आलं. मी सल्ला दिला की मंडळ काढू नये. तो कार्यवृत्तात घेण्यात आला नाही. मिलिंदला मात्र कोणतंच पद मिळालं नाही. "तुमी सरकारी नोकर," शिवकुमार आपुलकीने म्हणाला, "उगी तुमच्या नोकरीला अडचण नको." मंडळाचे चिटणीस तलाठी होते आणि खजिनदार शिक्षक. त्यांच्या नोकऱ्या बहुधा अधिक घट्ट होत्या. मिलिंद यावर काही बोलला नाही. न बोलण्याचा त्याला सराव होता, आणि तो सराव त्याला कोणी दिला होता हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

मंडळाकडे दाखवण्यासारखी वस्तू एकच, मिलिंदची कॅसेट. उद्घाटनाच्या दिवशी ती सर्वांना ऐकवायची ठरली, म्हणून शिवकुमारने ती आठवडाभर आधी मागून घेतली. मिलिंदने दिली. देताना त्याने एकच सांगितलं, "जपून." मी तिथे होतो. ते त्याने दोनदा सांगितलं.

उद्घाटनाला मंडप होता, मखमली खुर्च्या होत्या, हार होते. पाणी फक्त व्यासपीठावर होतं, चांदीच्या तांब्यात. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्याने परदेशात नाव काढल्याबद्दल लातूरच्या या कलावंत तरुणांचं अभिनंदन केलं आणि नव्या जिल्ह्यात अशीच आणखी बँडपथकं निघावीत अशी इच्छा व्यक्त केली. कोणी दुरुस्ती केली नाही. सत्कार झाले. व्यासपीठावरच्यांनी एकमेकांचे केले. मग खाली बसलेल्यांपैकी ओळखीच्यांचे झाले. सत्कारांनंतर भाषणं झाली, आणि भाषणांनंतर वीज गेली, त्यामुळे संगीत ऐकण्याचा भाग राहून गेला. ज्यासाठी मंडळ निघालं तेवढंच सोडून सगळं व्यवस्थित पार पडलं.

पुढच्या शनिवारी मिलिंद नांदेडला माझ्या घरी आला. चपलाही नीट न काढता आत येऊन त्याने कॅसेट घातली, पुढे पळवली आणि म्हणाला, "सर, ऐका. मधी बोलू नका."

टाळ्या लागल्या. त्याच ओळखीच्या, दूरच्या, थंड गावातल्या टाळ्या. त्या ऐन भरात असताना खट् असा आवाज झाला आणि शिवकुमारचा गळा ऐकू आला: "सन्माननीय व्यासपीठ, आणि उपस्थित बंधूंनो आणि भगिनींनो."

पुढे कॅसेट संपेपर्यंत तेच होतं. पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं भाषण आणि आभार. मंडपवाल्याचे आभार होते, लाउडस्पीकरवाल्याचे होते, हारवाल्याचे होते. ज्याची कॅसेट होती त्याचं नाव त्यात नव्हतं. मी वाट बघत होतो, अखेरपर्यंत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लातूरला गेलो. शिवकुमार दुकानात होता. त्याला आपण काय केलं हेच कळत नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त वैताग आणणारं आश्चर्य वाटतं, आजही.

"आवं मिलिंदराव, टाळ्या वाजल्या की. मला वाटलं कार्यक्रम संपला."

"टाळ्या संपल्या नव्हत्या."

"टाळ्या झाल्या की संपतंच ना हो? आपल्यात काय टाळ्यानंतर गाणं असतंय? टाळ्यानंतर आभार." तो खरोखर समजावून सांगत होता. "मागं टेप उरलेली दिसली. म्हणलं आपल्या उद्घाटनाची आठवण ह्याच कॅसेटवर असावी. मूळ प्रतीवर. ऐतिहासिक हाय की ते."

"नख मोडलेलं होतं."

"हाव, ते बघितलं. तिथं चिकटपट्टी लावली."

त्या चिकटपट्टीचं कौतुक त्याच्या चेहऱ्यावर मी स्वतः पाहिलं. शिवकुमारने त्या आठवड्यात मंडळातल्या इतरांना भरून दिलेल्या कॅसेटींबद्दल मिलिंदने विचारलं. त्या सगळ्या टाळ्यांपाशीच थांबवल्या होत्या, टेप वाया जाऊ नये म्हणून. मिलिंदने आपली कॅसेट खिशात घातली. "येतो," म्हणाला. त्यानंतर तो त्या खोलीत कधी गेला नाही. मंडळ पुढच्या पावसाळ्यापर्यंतच टिकलं, कारण तोवर खजिनदाराने वेगळा गट काढला.

आता सगळं बदललं आहे असं म्हणतात. त्या बँडचे कार्यक्रम आता फोनवर मिळतात, शेकड्यांनी. जगभरचे शौकीन ते एकमेकांना देतात आणि देताना शिस्त पाळतात. कोणी भरलं, कोणाकडून कोणाकडे आलं, हे नावानिशी लिहायचं आणि ज्याचं श्रेय त्याला द्यायचं. ही रीत मिलिंदला फार आवडते. निवृत्तीनंतर तोही त्या मंडळींत मिसळला. पण त्या गावच्या त्या दिवसाचा कार्यक्रम कोणाकडेच नाही. सरदारजीचा पत्ता कधीच हरवला होता. त्या जास्तीच्या गाण्याबद्दल मिलिंदने एकदा तिथे लिहिलं, तर एकाने सभ्य भाषेत उत्तर दिलं की बँडने ते गाणं कधीच मंचावर म्हटलेलं नाही, आपला काहीतरी गोंधळ होत असावा. मिलिंदने मला तो मजकूर वाचून दाखवला. "म्हणजे मी खोटा," तो म्हणाला. चाळीस वर्षांत या विषयावर त्याचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

आणि गेल्या आठवड्यात शिवकुमारचा मला फोन आला. तो आता ज्येष्ठ नागरिक मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याची धाकटी बहीण महानंदा उदगीरला असते, तिच्या कपाटात एक कॅसेट निघाली होती. "तीच हाय, सर. टाळ्याच्या पुढंबी हाय म्हणती. मिलिंदरावांना तुमीच सांगा. माझा फोन ते घेत न्हाईत."

महानंदाच्या घरात खिडक्यांना ओले पडदे लावायची सोय होती, पण पाणी नव्हतं, म्हणून कोरडेच लावले होते. पंखा गरम वारा फिरवत होता. शिवकुमार आधीच येऊन बसला होता. मिलिंदने त्याला नमस्कार केला आणि खुर्ची लांबची घेतली. महानंदाने पाण्याचे अर्धे अर्धे पेले आणून ठेवले. "राग मानू नका, पूर्ण भरून दिलं की लोक टाकतात," ती म्हणाली.

"तुझ्याकडं ही आली कशी?" शिवकुमारने विचारलं.

"आली कशी म्हणजे? घरातच पडली होती आठवडाभर. रोज संध्याकाळी मागच्या खोलीतनं ऐकू यायचं. मला आवडायचं ते. तुमी सगळे दुकानात गेलात तवा तुझा टेप आन् वैनीचा टेप समोरासमोर ठेवले आन् घेतली भरून."

"मग आजवर बोलली का न्हाईस?"

"मला कुणी इचारलं का, आण्णा? तुमचं मंडळ, तुमची भांडणं. ह्या कॅसेटीवरनं भांडण झालं हे मला गेल्या म्हयन्यात कळलं, तेबी तुझ्या सुनेकडनं."

शिवकुमारने फोन काढला, मिलिंदच्या टेपरेकॉर्डरसमोर धरला आणि घसा साफ करून सुरुवात केली, "आज उदगीर येथे महानंदाताईंच्या निवासस्थानी..."

"आण्णा," महानंदा म्हणाली, "गप बस."

तो गप बसला. मिलिंदने बटण दाबलं.

टेप जुनी होती, आवाज पाण्याखालून आल्यासारखा डोलत होता. शेवटचं ठरलेलं गाणं संपलं, टाळ्या लागल्या. आणि त्या टाळ्यांत एक कर्कश हॉर्न वाजला. लांबलचक, दोनदा. मग अगदी जवळून बाईचा आवाज, "महानंदे, टँकर आला गं!" बांगड्या वाजल्या. घागर दाराच्या चौकटीला धडकली. पावलं पळत गेली. मागे खोलीत कोणीच उरलं नाही. दोन टेपरेकॉर्डर एकमेकांसमोर तोंड करून बसले होते आणि ते बंद करायला घरात माणूस नव्हतं.

"तशीच पळाले," महानंदा हळूच म्हणाली. "टँकर थांबत नसायचा."

टाळ्या चालूच होत्या. बाहेरच्या गल्लीतून कोणीतरी ओरडत होतं, "माझी घागर आदी होती, सरक!" आणि त्या भांडणावर, टाळ्यांवर, पाण्याच्या पाइपाच्या फसफस आवाजावर गिटारचा पहिला स्वर पडला. मिलिंद ताठ बसला. या वेळी त्याची बोटं हलली नाहीत. लातूरच्या एका रिकाम्या घरात तो बँड ते गाणं म्हणत होता. सगळं गाव पाण्याला गेलेलं होतं. तीनचार मिनिटांनी गाणं संपलं. पुढे बराच वेळ घागर भरल्याचा आवाज होता.

शेवटी मिलिंदनेच टेप थांबवला.

"गाणं साधारणच हाय," तो म्हणाला. "गाणारा दमलेला होता."

शिवकुमारने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"पण हाय," मिलिंद म्हणाला. "म्हणलेलं हाय त्यांनी."

मग त्याने फोन काढला आणि त्या शौकिनांच्या रीतीप्रमाणे, मोठ्याने वाचत, सावकाश लिहायला घेतलं. मूळ कोणी भरलं, तो नांदेडला आलेला पाहुणा. त्याच्याकडून कोणाकडे आली, तिथे त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. पुढची प्रत कोणाची, तिथे महानंदाला तिचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते विचारलं. तिने पदर सारखा केला, जणू कोणी फोटो काढणार होतं.

शिवकुमार खुर्ची ओढून जवळ आला. खूप वर्षांनी त्या दोघांमध्ये हातभर अंतर होतं. त्याला काहीतरी द्यायचं होतं, हे दिसत होतं, आणि द्यायला त्याच्याकडे जे होतं ते त्याने पुढे केलं. "मिलिंदराव, माझा नातू कम्प्युटरवर आवाज साफ करून देतो. तो हॉर्न, ती बायकांची कावकाव, समदं काढतो. निस्तं गाणं ठेवतो. जगात जाणार म्हणल्यावर नीटनेटकं जाऊ द्या की."

मिलिंदने लिहिणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, निदान मला दिसला नाही.

"शिवकुमार," तो म्हणाला, "एकदा पुसलं तुम्ही. आता ह्याच्यातलं काही पुसायचं न्हाई. टँकर बी न्हाई."